दुरमूस न मारलेली माती

दिनांक ११ फेब्रुवारी २०२४, रविवार, सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. भांडुपच्या टेकडीखालच्या करवंदी तलावात पाण्याबाहेर दिसलेल्या मगरी : चार. त्यांपैकी अंडी घालण्याजोगी मादी एकच.

ही नोंद करून अंबादास साळवे यांनी पेनाला टोपण लावले. जालन्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते मुंबईत आले आणि चौतीस वर्षे रस्त्यांच्या कामांवर देखरेख करून निवृत्त झाले होते. आता त्यांच्या जिवाला एकच घोर लागला होता. फिरायला येणाऱ्यांच्या सोयीसाठी तलावाचे तीन काठ दगडांनी बांधून काढले गेले होते. मातीचा काठ उरला होता वीस मीटर, तोही सखल. गेली दोन वर्षे मादीने तिथे अंडी घातली आणि खालून ओल चढून ती कुजली. वनरक्षक विशालने खटपट करून वनखात्याच्या कार्यालयाकडून एका हंगामाची मुदत मिळवली होती : यंदा पिले निघाली तर काठ मातीचा राहील, नाहीतर जूनमध्ये तिथेही दगड बसतील.

अंबादासांनी काठावर मातीचा उंचवटा रचायचे ठरवले. जुन्या पाणरेषेपेक्षा एक मीटर वीस सेंटिमीटर उंच, दिवसभर ऊन मिळेल असा. पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थरावर पाणी, आणि मग माती ठोकून घट्ट करायला वरून जड दुरमूस. त्यांच्या नजरेखालून गेलेला भराव आजवर कधी खचला नव्हता. हाही खचणार नव्हता.

चोविसाव्या तारखेला मादी वर चढली. तासभर मागचे पाय हलवले आणि पाण्यात परतली. मातीवर खराटा फिरवल्यासारखे चार ओरखडे तेवढे उमटले. दुसऱ्या दिवशीही तेच.

"साहेब, वाट लागली," विशाल म्हणाला. "जागा तिला पसंत नाही."

तलावात जाळे टाकणारी सुगंधा कोळीण मासळीची पाटी उतरवून हे पाहत होती. तिने उंचवट्यावर टाच आपटली आणि खदखदून हसली.

"साळवेसाहेब, बाळंतिणीची खोली बांधलीत का हायवे? तिच्याकडं पहार हाय का?"

"सुगंधाताई, भुसभुशीत भराव पहिल्या पावसात वाहून जातो."

"पावसाआधी पोरं भाईर येतील हो! इथून ट्रक नाय जायचाय, बाय जायचीय."

दुरमूस कमी मारला म्हणून अंबादासांनी आयुष्यभर कंत्राटदारांना धारेवर धरले होते. मग त्यांनाच हसू फुटले. त्यांनी टिकाव मागवला आणि स्वतःचेच पक्के काम स्वतः नापास करून फोडायला घेतले. विशाल काठी घेऊन पाण्याकडे लक्ष ठेवून उभा राहिला.

"किती मोकळी करू?"

"हात कोपरापर्यंत सहज गेला पायजे."

"म्हणजे किती सेंटिमीटर?"

"माझ्या कोपरापर्यंत! तुमचे हात लांब."

अंबादासांनी टेप काढून तिचा हात रीतसर मोजला : बेचाळीस. तेवढ्या खोलीपर्यंत त्यांनी माती चाळून घेतली आणि तिच्यात वाळू मिसळली. शेवटी दुरमुसाकडे हात गेलाच, तेव्हा सुगंधाने तो उचलून आपल्या पाटीखाली दडवला.

६ मार्चच्या सकाळी उंचवट्यावर पोटाचा रुंद ओरखडा होता आणि वरची माती नीट लोटून बसवलेली होती. मादी काठालगत पाण्यात पडून होती. कोणी जवळ गेले की फुत्कारत होती.

"झकास!" विशाल ओरडला. "साहेब, अंडी घातली तिने! आता त्यांतून नर किती, माद्या किती निघतील, हे तुमच्या मातीची ऊब ठरवणार."

"माझी कसली? माती सुगंधाताईंची."

अंबादास रोज लांबूनच पाहून येत. ११ मे रोजी, सहासष्टाव्या दिवशी, सकाळी सव्वासातला मातीखालून बारीक चिवचिवाट ऐकू आला. मादी सरसरत वर आली, पुढच्या पायांनी माती उपसली आणि एक पिल्लू चक्क जबड्यात घेतले.

"अहो, खाते आहे ती!" अंबादासांचा आवाज चिरकला.

"कायतरीच! कडेवर घेतेय. हात आखूड, म्हणून तोंडात," सुगंधा म्हणाली.

मादीने पाण्यात जाऊन जबडा उघडला. बोटभर शेपटीचे पिल्लू वळवळत बाहेर पडले आणि कुणी न शिकवता पोहू लागले. अंबादासांनी चष्मा काढून पुसला. मादीच्या खेपांमागून खेपा चालू होत्या आणि हे तिघे लग्नातल्या वऱ्हाड्यांसारखे टाळ्या पिटत होते.

दुपारी विशालने छायाचित्रे कार्यालयात पाठवली. संध्याकाळी निरोप आला : काठ मातीचाच राहील. घरटे रिकामे झाल्यावर अंबादासांनी टरफले आणि न फुटलेली अंडी मोजली, विशालने दुर्बिणीतून पिले मोजली, आणि दोघांनी एकमेकांचे आकडे पुन्हा तपासून पाहिले.

अंडी एकोणतीस. जिवंत पिले चोवीस.