बद्द आवाज

भट्टीच्या दारातून खांदे तिरके करत ती आत शिरली, तरी कोपर खरचटलंच. वाफेचं इंजिन एवढंसं, आणि त्याच्या भट्टीत मावणारी घरात ती एकटीच.

"बसलीस का?" बाहेरून वडिलांनी विचारलं.

"बसतेय कसली, घडी झालीय माझी. मारा."

भट्टीचे दोन्ही पत्रे धरून ठेवणारे बोल्ट ते बाहेरून हातोडीने एकेक वाजवत होते. आतून ती टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरत होती. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो.

"ठणठणीत!" प्रत्येक ठोक्यामागे वडील ओरडत.

हे इंजिन बांधणाऱ्या कारखान्यात ते फिटर होते. गल्लीतला कारखाना, मूठभर माणसं. खाणींच्या अरुंद रुळांवर चालणारी छोटी इंजिनं बांधायची. तो कधीच बंद पडला. संग्रहालयाने हे एक भंगारातून सोडवलं, आणि वडिलांनी जीव ओतून ते जुळवत आणलं. रविवारी वाफ धरायची होती, चालवणार तेच होते. आठवडाभर घरात त्यांचा पाय ठरत नव्हता.

खालच्या ओळीतला एक बोल्ट बद्द वाजला.

"ठणठणीत!"

तिने ठोकळा आणखी घट्ट दाबला. "हा परत मारा."

पुन्हा तसाच, तडा गेलेल्या मडक्यासारखा.

"ठणठणीत म्हटलं ना! पुढे चल."

कान गेले की काय यांचे? टीव्हीचा आवाज हल्ली वाढलाच होता. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि नाही सांगितलं, तर रविवारी वाफेचा दाब चढेल तेव्हा याच भट्टीसमोर ते उभे असणार. पुढचे चार-पाच ठोके तिने ऐकलेच नाहीत. मग ठोकळा टाकून ती सरपटत बाहेर आली.

"अगं, मधेच कुठे निघालीस?"

ती वळसा घालून त्यांच्या बाजूला गेली. वाजवून झालेल्या प्रत्येक बोल्टवर खडूची बारीक रेघ होती. खालच्या ओळीतल्या त्या एकावर नव्हती.

"मला वाटलं, तुम्हाला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली.

"न यायला काय झालंय?" हातोडीच्या दांड्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. "एकदा चालवायचं होतं गं. एकच फेरी."

तिला रडू आलं, आणि त्यांचा रागही आला. ती जागची हलली नाही.

शेवटी वडील कण्हत गुडघ्यांवर बसले आणि खडूने त्या बोल्टभोवती मोठा गोल काढला.

"जा आत," ते म्हणाले. "दोन ओळी राहिल्यात अजून."