सतरा नंबरच्या खोक्यातली मोटर

भोकरकडच्या शाळेचं पत्र लातूरला आलं तेव्हा अफसानानं आधी खालची सही वाचली आणि मग मजकूर. सही शिवलिंग सरांची होती. ते आता मुख्याध्यापक झाले होते.

सहावी ते आठवीच्या मुलांना हातानं करून बघता येईल असं विज्ञान आणि रोबोटिक्सचं साहित्य हवं आहे, शाळेकडं त्यासाठी पैसा नाही, आपल्यासारख्या उद्योजकांनी मदत करावी, असं पत्रात होतं. पत्र अश्वजित नावाच्या विज्ञानाच्या तरुण शिक्षकानं लिहिलं होतं आणि कारखान्याच्या पत्त्यावर पाठवलं होतं. कारखान्यावर पाटी होती ती तिच्या नवऱ्याच्या, मुनीबच्या नावाची. बोअरच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणारे स्टार्टर तिथं तयार होत. बावीस बायका तिथं कामाला होत्या, आणि त्यांना वायर जोडायला अफसानानंच शिकवलं होतं. पण हे पत्र आपल्याच एका जुन्या विद्यार्थिनीच्या हातात पडेल, हे शिवलिंग सरांना माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"भोकर म्हणजे तुझं माहेर की," मुनीब म्हणाला. "देऊन टाकू."

"देऊ," अफसाना म्हणाली. "पण देणार मी. माझ्या पद्धतीनं."

मुनीबनं तिच्याकडं नीट पाहिलं. त्याला ती गोष्ट ठाऊक होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिनं सांगितली होती, आणि नंतर कधीही नाही.

अफसाना सातवीत होती तेव्हाची ती गोष्ट. शाळेत विज्ञानाची एक लोखंडी पेटी होती. शिवलिंग सर ती वर्षातून दोनदा उघडत, मुलांना लांबून दाखवत आणि परत कुलूप लावत. एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी पेटीतलं चुंबक सापडेना. सरांनी बाकी कुणाला काही विचारलं नाही. अफसानाला उभं केलं आणि तिचं दप्तर फरशीवर पालथं केलं. तिच्या वडलांचं, नजीरमियांचं, बसस्टँडमागं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. चुंबक, तार, लोखंड असल्या वस्तूंचा त्या घरालाच उपयोग, असा सरांचा हिशेब होता. दप्तरात काही निघालं नाही. मग सरांनी नजीरमियांना दुकानातून बोलावून घेतलं. प्रार्थनेच्या मैदानात, सगळ्या शाळेसमोर, त्यांना खिसे उलटे करायला लावले. चिकटपट्टी निघाली, विडीचा कट्टा निघाला आणि हातभर तांब्याची तार निघाली. तार त्यांच्या स्वतःच्या दुकानातली. सरांनी ती बोटांत धरून वर केली आणि म्हणाले, "हे बघा."

नजीरमियांनी तार परत मागितली नाही. पोरीचा हात धरला आणि फाटकाबाहेर पडले. अफसाना पुन्हा शाळेत गेली नाही. दुकानात बसून ती वायंडिंग शिकली. चुंबक पुढं आठ दिवसांनी कपाटामागं पडलेलं सापडलं, असं तिला एका मैत्रिणीनं सांगितलं. सरांकडून निरोप काही आला नाही.

आता सव्वीस वर्षांनी त्याच माणसाला तिच्याकडून काहीतरी हवं होतं.

तिनं घाई केली नाही. चाळीस खोकी मागवली. प्रत्येकात एक छोटं सर्किट, दोन पिवळ्या मोटारी, चाकं, वायरी, बॅटरीचा डबा आणि समोर काही आलं की ओळखणारा एक सेन्सर. मुलांनी जोडायचं, सोडवायचं, परत जोडायचं. सामान चांगलंच हवं, हे तिनं बजावून सांगितलं होतं. सुडासाठी पोरांच्या हातात कचरा द्यायची तिची तयारी नव्हती.

सोबत एक करारपत्र पाठवलं. त्यात एक कलम तिनं स्वतः घातलं होतं: कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडेच राहील, सामान देणगीदारांसमोर मोजलं जाईल, आणि सामानात काही कमी निघालं तर जबाबदार तेच राहतील. शिवलिंग सरांनी उलटटपाली सही करून पाठवली. कलम त्यांना पसंत पडलं असावं.

ऑगस्टातल्या एका शनिवारी शाळेनं देणगीदारांचा सत्कार ठेवला. निघायच्या आधी अफसाना वडलांच्या खोलीत गेली. नजीरमिया आता तिच्याकडंच राहत.

"अब्बा, चला तुम्ही पण. मला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"त्या मैदानात मी एकदा जाऊन आलोय," ते म्हणाले. "तू जा."

मुनीबनं गाडीपर्यंत येऊन विचारलं, "तू तिथं काय करणार आहेस, ते मला तरी सांगशील?"

"मोजदाद," ती म्हणाली.

शाळेत ती ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचली. अश्वजित सर तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. हा माणूस तिला आवडला. बोलताना त्याचे हात सारखे हलत होते. दर शनिवारी तो मुलांना घेऊन बसे, पण त्यासाठी मुख्याध्यापकांकडं किल्ली मागावी लागे आणि तास संपला की लगेच परत करावी लागे.

"आज कपाट उघडं ठिवायची परवानगी हाय," तो हसून म्हणाला. "तुमच्यामुळं. बसा मॅडम, चहा सांगून येतो."

तो गेला. अफसाना उठली, सतरा नंबरचं खोकं उघडलं, त्यातली एक पिवळी मोटर काढून पर्समध्ये टाकली आणि खोकं होतं तसं लावून ठेवलं. खिसे उलटे करा, हे तीन शब्द शिवलिंग सरांना कसे म्हणायचे, हळू की मोठ्यानं, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

सत्कार प्रयोगशाळेतच झाला. संस्थेचे अध्यक्ष होते, पंधरा-वीस पालक होते, सातवीचा वर्ग खाली सतरंजीवर बसला होता. शिवलिंग सरांचे केस पांढरे झाले होते आणि पाठ जरा वाकली होती, पण आवाज तोच होता. त्यांनी अफसानाला शाल दिली. तिच्या तोंडाकडं पाहिलं. ओळख पटल्याची कुठलीच खूण त्यांच्या डोळ्यांत दिसली नाही.

"भाषण मला जमत न्हाई," अफसाना उभी राहून म्हणाली. "सामान एकदा सगळ्यांसमोर मोजू. करारात तसं हाय."

अध्यक्षांनी मान डोलावली. अश्वजित सर एकेक खोकं उघडून मोजत गेले. सतराव्याला ते अडखळले. परत मोजलं.

"एक मोटर कमी हाय," ते म्हणाले. "गेल्या शनिवारी होती. मी स्वतः बघितली होती."

अफसानानं शिवलिंग सरांकडं तोंड वळवलं. "सर, किल्ली कुणाकडं असते?"

"माझ्याकडंच असते," सर म्हणाले. पुढचं वाक्य बोलायला अफसानानं श्वास घेतला. पण सर तिच्याकडं बघतच नव्हते. त्यांची नजर सतरंजीवरून फिरली आणि खिडकीजवळ थांबली.

"तनुजा, उभी राहा. दप्तर घेऊन इकडं ये."

एक सावळी, किडकिडीत मुलगी उठली. का, असंही तिनं विचारलं नाही.

"सर, तिनं न्हाई घेतली," अश्वजित सर मधे पडले. "खोकी कपाटात ती लावते, पण मी समोरच असतो."

"लावते ना? मग. हिचा बाप गावोगाव भंगार गोळा करतो," सरांनी अध्यक्षांना माहिती दिली आणि दप्तर टेबलावर पालथं केलं.

वह्या पडल्या. कंपासपेटी पडली. चपातीचा डबा पडून झाकण निघालं. शेवटी एका जुन्या टेपरेकॉर्डरची इवलीशी मोटर पडली, गंजलेली, दोन वायरी बाहेर आलेली. पिवळी नव्हती, नवी नव्हती, त्या खोक्यांतल्या कशासारखीच नव्हती. शिवलिंग सरांनी ती दोन बोटांत धरून वर केली.

"हे बघा," ते म्हणाले.

अफसानानं पर्स उघडली, पिवळी मोटर काढली आणि टेबलावर ठेवली.

"ही मी घेतली," ती म्हणाली. "तासाभरापूर्वी. सतरा नंबरमधून."

कुणाला काही समजेना. अध्यक्ष अर्धवट उठले. "मॅडम, हे काय?"

"मी नजीर वायंडिंगवाल्याची मुलगी. अफसाना. सातवीत तुम्ही माझं दप्तर असंच पालथं केलं होतं, सर. माझ्या अब्बांना मैदानात उभं करून खिसे उलटे करायला लावले होते. चुंबक तुमच्या कपाटामागं होतं."

सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आता ओळख पटली होती.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"आठवतंय तुम्हाला. किल्ली तुमच्याकडं, सही तुमची. सामान कमी निघालं की जबाबदार तुम्ही, असं तुम्हीच लिहून दिलंय. तरी तुम्ही या पोरीलाच उठवलं. आता खिसे उलटे करा."

"पण मोटर तर सापडली."

"अब्बांच्या खिशात पण चुंबक नव्हतं."

मागं बसलेल्या पालकांतून कुणीतरी म्हणालं, "दाखवा की सर." मग आणखी एक जण म्हणाला. अध्यक्ष परत खुर्चीत टेकले आणि सरांकडं बघत राहिले. शिवलिंग सरांनी पॅंटचा डावा खिसा बाहेर काढला, मग उजवा. रुमाल निघाला, गोळ्यांची पाकिटं निघाली, किल्ल्यांचा जुडगा निघाला. खिशांचं पांढरं कापड दोन्ही बाजूंना लोंबत राहिलं. ते आत घालायचं त्यांना सुचलं नाही.

अफसानाला बरं वाटलं. लई बरं वाटलं, हे तिनं नंतर मुनीबला जसंच्या तसं सांगितलं. इतक्या वर्षांत असं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तिनं डोळे भरून त्या माणसाकडं पाहून घेतलं. मग तिनं तनुजाकडं पाहिलं, तर तनुजा तिथं नव्हती. वह्या गोळा करून ती निघून गेली होती. उघडा डबा तेवढा टेबलाखाली राहिला होता.

तो डबा घेऊन अफसाना दुपारी तनुजाच्या घरी गेली. अश्वजित सरांनी घर दाखवलं आणि ते कोपऱ्यावरच थांबले. दारात तनुजाची आई केवळाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिला सगळं कळलं होतं. तिनं आत या म्हटलं नाही.

"तुमचं जे काय होतं ते तुम्ही फेडून घेतलं बाई," ती म्हणाली. "आता माझी पोरगी सोमवारपासून शाळेत जात न्हाई म्हणून राहिली. तिचं काय करू, सांगा."

तनुजा आतून आली. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

"मोटर तुम्ही काढली होती?"

"हाव."

"सरांना पकडायला?"

"हाव. ते तुझ्याकडं वळतील, हे मला ठाऊक नव्हतं."

"मला होतं," तनुजा म्हणाली. "एक कमी हाय म्हणलं, तवाच मला कळलं होतं. तुम्ही पण त्याच शाळेत होता. तुम्हाला कसं कळलं न्हाई?"

अफसानानं डबा उंबऱ्यावर ठेवला. "सोमवारी मी येते," ती म्हणाली. "प्रार्थनेला. तू फक्त ये. नंतर काय करायचं ते तू ठरव."

लातूरला परत आल्यावर तिनं नजीरमियांना सगळं सांगितलं. पर्समधली मोटर, पालथं दप्तर, सरांचे उलटे खिसे, काही लपवलं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते.

"त्या पोरीचा बाप तिथं होता का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. फेरीवर गेला होता."

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडं कूस वळवली.

सोमवारी अफसाना पहाटेच निघाली. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभी राहून म्हणाली, "शनिवारी मोटर मी चोरली होती. चोरी माझी आणि दप्तर तपासलं तनुजाचं. तनुजा, माझं चुकलं." तनुजा रांगेत शेवटी उभी होती. तिनं मान हलवली नाही की डोळे खाली केले नाहीत. पण ती आली होती, आणि दुसऱ्या दिवशीही आली. शिवलिंग सर त्या सोमवारी रजेवर होते.

करारपत्र अफसानानं बदलून घेतलं. किल्ली अश्वजित सरांकडं गेली आणि शाळेच्या वेळेत कपाट उघडं राहू लागलं. पहिल्याच महिन्यात तीन सेन्सर जळाले. तिनं सहा पाठवले.

शिवलिंग सर दिवाळीनंतर निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी दोनदा फोन केला. भेटून एकदा मन मोकळं करायचं आहे, असं ते म्हणाले. "माझ्या अब्बांना भेटायचंय की मला?" अफसानानं विचारलं. "तुम्हाला," ते म्हणाले. तिनं फोन ठेवला. तिनं त्यांना माफ केलं नाही, आणि तसं करायला हवं होतं असं तिला कधी वाटलंही नाही.

डिसेंबरात अश्वजित सरांचा फोन आला. नांदेडच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तनुजानं सोयाबीनच्या दाण्यांतले खडे वेगळे करणारं यंत्र केलं होतं. चालत होतं, पण खोक्यातल्या मोटारीला तेवढा जोर नव्हता.

"मोठी मोटर लागतीय, मॅडम. तुमच्याकडून मागवू का, असं मी तनुजाला विचारलं."

"मग?"

"मागू नका म्हणाली. वडलांनी एक बिघडलेला पंखा आणलाय, त्याची मोटर ती नीट करून राहिली. आठ दिवस झाले, अजून फिरत न्हाई."

अफसानाच्या मागं कपाटात तसल्या दहा मोटारी पडल्या होत्या. संध्याकाळच्या बसनं त्यातली एक सकाळपर्यंत भोकरला पोचली असती. पंखा का फिरत नसावा, हेही तिला फोनवरच कळलं होतं.

"तिनं तुम्हाला विचारलं, तर सांगा की आतली बारीक तार कुठं तुटलीय ते आधी बघ," ती म्हणाली. "विचारलं तरच. आणि हे मी सांगितलं, असं सांगू नका."

मोटर तिनं पाठवली नाही.