सहावं घर

ऑरिन ट्वेटला अखेर घोडदळाचं खरं रिव्हॉल्वर मिळालं, आणि तेही भरलेलं. स्वतःच्याच कुरणातली पडकी खोली मोडताना फळ्यांमागे सापडलं. तीन आठवडे तेलात मुरवल्यावर त्याची काडतुसांच्या सहा घरांची चक्री हलली, तेव्हा त्याने डेल्मर किट्रेजला बोलावून घेतलं.

डेल्मर चाळीस वर्षं असली हत्यारं जमवत होता. मॉन्टानाच्या त्या भागात जुनं रिव्हॉल्वर रिकामं करायचं तर त्याच्याच हाताने, असा लौकिक होता. तो हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होता, पण हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. एकदा कळलं की पुन्हा कोण त्याच्या हाती हत्यार देणार?

“पाद्र्यासारखा हात जोडून काय बसलास?” ऑरिन म्हणाला. “लाग कामाला!”

“तुझ्यासारखी घाई केली असती ना, तर बोटं मोजायला एकच हात उरला असता.”

शेगडीपाशी ऑरिनची बायको लव्हॉन पाठमोरी उभी होती. तिला कमी ऐकू यायचं. या दोघांची बडबड ऐकण्यापेक्षा शांतता बरी, म्हणून तिने कानातलं यंत्र काढून खिडकीत ठेवलं होतं.

डेल्मरने नळी भिंतीकडे केली, काडतुसावर आदळणारा घोडा अर्धा मागे ओढला, बाजूची झडप उघडली आणि चक्री एक टक फिरवली. पहिल्याच घरात काडतूस होतं. कोपर टेबलावर दाबून धरत त्याने ते नळीखालच्या दांडीने हळूहळू मागे ढकललं. मग दुसरं, तिसरं. चौथं अडकून बसलं, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला. पाचवं टॉवेलवर पडलं आणि ऑरिनने टाळी वाजवली.

“पाच! झालं बाबा!”

जुन्या घोडेस्वारांची रीतच तशी. सहा घरांत काडतुसं पाचच भरायची आणि घोडा टेकतो ते घर रिकामं ठेवायचं, नाहीतर खोगिरावर हिसका बसला की गोळी आपल्याच मांडीत. संग्राहकांना ही रीत तोंडपाठ. हाताची थरथर लपवता आल्याच्या आनंदात डेल्मरने रिव्हॉल्वर ऑरिनला देऊनही टाकलं.

ऑरिनने झडप मिटून घोडा पूर्ण ओढला. टक, टक, टक. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने अंगठ्याने घोडा सावकाश खाली सोडला आणि पुन्हा ओढला. सहाही घरांवर चक्री नीट थांबते का, हे प्रत्येक संग्राहक बघतोच. नळी आता शेगडीकडे होती. रिकाम्या हत्याराची कोण फिकीर करतो!

डेल्मर काडतुसं ओळीने मांडत होता. पहिलं हाती घेतलं आणि त्याने मनातल्या मनात घरं पुन्हा मोजली. घोडा ज्या घरावर टेकला होता, तेच घर सगळ्यात आधी झडपेपाशी येतं. रीत पाळली असती तर ते रिकामं निघायला हवं होतं. म्हणजे त्या स्वाराने रीत पाळलीच नव्हती. मग तो पाचावर कशाला थांबेल?

सहावं घर कुणी बघितलंच नव्हतं.

ऑरिन सहाव्यांदा घोडा ओढून बसला होता. समोर लव्हॉनची पाठ. ओरडावं तर तो दचकेल, आणि पाठमोऱ्या तिला काही कळणारही नाही. संधिवाताने वाकलेला अंगठा घोड्यावरून निसटायला लागला.

डेल्मरने थरथरता हात घोड्याच्या आड घातला. घोडा आदळला, आणि त्याचं अणकुचीदार टोक डेल्मरच्या अंगठ्यालगतच्या बेचकीत रुतलं.

“अरे, वेड लागलं का तुला?”

“नळी भिंतीकडे कर,” डेल्मर दातांवर दात दाबून म्हणाला. “आता घोडा हळूच उचल. आणि सहावं घर बघ.”

ऑरिनने झडप उघडली. आत काडतुसाच्या बुडाची काळवंडलेली तांब्याची चकती होती. त्याने आधी चकतीकडे पाहिलं, मग बायकोच्या पाठीकडे.

लव्हॉन शेगडीवरचं भांडं घेऊन वळली आणि टॉवेलवरचं रक्त बघून किंचाळलीच. “एक दिवस धड बसवत नाही तुम्हाला!” तिने डेल्मरचा हात ओढून फडक्यात गुंडाळला. “अगंबाई, किती थरथरतोय हा! कधीपासून रे?”

डेल्मरने या वेळी हात मागे घेतला नाही. “हिवाळ्यापासून.”

“थरथरू दे,” ऑरिन तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागला.