पलीकडच्या काठावरचा तराफा

थांबा. लगेच चढू नका. आधी बुटांचा चिखल गवताला पुसा, मग पाय टाका. हो, मीच बोलतोय, साखळीचा तराफा. इतकी वर्षं तुम्ही माझ्यावर उभं राहून बोलत आलात. आज जरा माझं ऐका.

ओकच्या नऊ फळ्या, खाली चार निळी पिंपं, मधोमध एक बाक आणि दोन्ही टोकांना एकेक साखळी, एवढाच माझा पसारा. एक साखळी कालव्याच्या या, लव्हाळ्यांच्या काठाला बांधलेली, दुसरी पलीकडे जुन्या इस्टेटीच्या काठाला. ज्याला पलीकडे जायचं त्याने बसावं आणि पुढची साखळी हाताने ओढत जावं. मी पलीकडे असेन, तर काठावर उभं राहून ओढून घ्यावं. यात न समजण्यासारखं काय आहे? पण तुम्हाला समजत नाही.

माझा जन्म रूलोफच्या गोठ्यात झाला. गायी विकल्यावर गोठा रिकामा पडला होता. रूलोफ जन्मभर लव्हाळी कापणारा माणूस, छपरं शाकारायला त्याच्या पेंढ्या दूरदूर जायच्या. बोलायला मंद, हाताला सावकाश. एक फळी बसवायला तो एक दिवस घ्यायचा. त्याची बायको फेम्मी फळीचं दुसरं टोक धरून उभी राहायची आणि बोलत राहायची.

"एवढ्यात मी चार पोरं वाढवली असती," ती म्हणायची.

"दोन तर वाढवलीस."

"ती तुझ्यावर गेली. सावकाश वाढली."

पाणी गोठलं की मला काठाला कुलूप लावून ठेवायचं, असं ठरलं. बाकीचं वर्ष ते कुलूप बाकावरच्या डब्यात उघडं पडून असतं. किल्ली रूलोफच्या खिशात. फेम्मीने त्याच्याकडून बाकाच्या खालच्या अंगाला एक खिळा ठोकून घेतला आणि दुसरी किल्ली तिथे अडकवली.

"ही कशाला?" त्याने विचारलं.

"तुझ्या खिशाला भोक पडेल तेव्हासाठी."

शेवटी त्याने एक पाटी रंगवली, ‘एका वेळी सहा माणसं’. खरं तर लव्हाळ्यांच्या साठ ओल्या पेंढ्या चढवून त्याने मला तपासलं होतं. बारा माणसं मी हसत नेली असती. पण माणसं पेंढ्यांसारखी गप्प बसत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

मग तुम्ही यायला लागलात. कुणीतरी पत्रक छापलं, ‘सोपी पायवाट, नऊ किलोमीटर, सर्व वयांसाठी’. इस्टेटीतली बीच जातीच्या उंच झाडांची सरळ रांग, मग जांभळ्या फुलांचं माळरान, मग मी, मग लव्हाळ्यांमधली फळ्यांची वाट आणि शेवटी खानावळीत वाटाण्याचं सूप. सपाट जमीन, कुठे चढ नाही, कुठे उतार नाही. तरी तुम्ही दोन्ही हातांत काठ्या घेऊन येता, जणू हिमालय चढताय. नवरा-बायको एकाच रंगाची जाकिटं घालता. पाव आणि चीज काढता, थर्मासची कॉफी ओतता, प्रत्येकाला एक बिस्किट देऊन डब्याचं झाकण घट्ट लावता. जांभळ्या माळरानाचा फोटो काढता आणि तोंड फिरवून म्हणता, "गेल्या वर्षी जास्त जांभळं होतं."

आणि माझ्याजवळ आलात की सगळे, न चुकता, एकच वाक्य बोलता, "झालं! तराफा पलीकडेच!"

जसं काही मी मुद्दामच पलीकडे जाऊन बसतो.

साखळी पाण्यातून वर येते तेव्हा तिला शेवाळ असतं. पाण्यात राहिल्यावर काय लागणार, लोणी? तुम्ही ती दोन बोटांनी धरता. एका बाईंनी तर नाक पुसायच्या कागदाने धरली आणि तो कागद माझ्या फळीवर टाकून गेल्या. तीन आठवडे तो मला चिकटून होता. रूलोफने नखाने खरवडून काढला आणि म्हणाला, "घाईत असतील बिचाऱ्या." त्याचं हे असंच. तुमच्याबद्दल वाईट बोलायचं काम मलाच करावं लागतं.

चार वर्षांपूर्वी फेम्मी विसरायला लागली. आधी सूप चुलीवर, मग वार, मग मुलांची नावं. तिला पलीकडच्या काठावर, इस्टेटीच्या जुन्या तबेल्यात ठेवलं. तिथे आता वृद्धाश्रम आहे. रूलोफचं घर या काठाला, लव्हाळ्यांत. डोळे अधू झाले म्हणून त्याचा गाडीचा परवाना गेला होता, आणि कंबर मोडल्यापासून सायकल भिंतीला टेकून होती. रस्त्याने वळसा घालून सतरा किलोमीटर. माझ्यावरून एकेचाळीस हात.

हो, तो मोजतो. पलीकडचा काठ त्याला नीट दिसत नाही, म्हणून साखळीचा प्रत्येक हात मोजतो. एकेचाळीस झाले की उतरतो. रोज बरोबर तीनला तो तिच्यासमोर बसलेला असतो. तीनची कॉफी. तीन वाजून पाच मिनिटं झाली आणि तो दिसला नाही, की फेम्मी कोट चढवून त्याला शोधायला निघते. एकदा ती पाण्यात गुडघाभर गेली होती. तेव्हापासून रूलोफने कधी उशीर केला नाही.

आता तुमची समिती.

कुणा एकाचा बूट भिजला. दलदलीत फिरायला आलेल्या माणसाचा बूट भिजला, आणि त्याने दोन पानी पत्र लिहिलं. पायवाट समितीने तारीख ठरवली, पाहणीला आले. गाड्या रूलोफच्या दारात लावल्या. अध्यक्ष बूलेन्ससाहेब, इस्त्रीची विजार घातलेले. कार्यवाह लांगेफेल्डबाई, हातात वही. आणखी चार माणसं, जी फक्त माना हलवायला आली होती.

"साहेब, तेवढं तीनच्या आत उरकलं तर बरं," रूलोफ म्हणाला. "मला पलीकडे जायचंय. बायको वाट बघते."

"कार्यक्रमपत्रिकेत साडेतीन आहे," बूलेन्स म्हणाले. "पण बघू."

चढायला निघाले आणि पाटीपाशी अडले. सहा माणसं. ते रूलोफ धरून सात. दोनदा मोजले. मान हलवणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "मी बारीक आहे."

"पाटीवर वजन नाही लिहिलेलं, माणसं लिहिली आहेत," बूलेन्स म्हणाले.

शेवटी रूलोफच मागे सरला. "तुम्ही सहा जा. मी मागून तराफा ओढून घेतो."

निघाले. मधोमध बूलेन्सनी साखळी जोरात उचलली आणि शेवाळाचा एक हिरवा लोळा त्यांच्या विजारीवर पडला, बरोबर नको तिथे. मी केलं नाही. पण केलं असतं.

पलीकडे उतरताच ते लालबुंद होऊन म्हणाले, "धोकादायक आहे हा प्रकार. निर्णय होईपर्यंत बंद!" बाकावरच्या डब्यात कुलूप दिसलं. त्यांनी मला काठाच्या खांबाला साखळीने आवळलं आणि कुलूप खटकन दाबलं.

"पण तो म्हातारा पलीकडे राहिला की," लांगेफेल्डबाई म्हणाल्या.

"तो तिथेच राहतो ना? मग योग्य काठावर आहे."

गवतावर बसले. पाव काढले, डबा उघडला. एकेक बिस्किट. झाकण बंद.

तीनला दहा कमी. माझी लव्हाळ्यांकडची साखळी ताठ झाली. रूलोफ ओढत होता. मी हललो नाही. त्याने पुन्हा ओढलं. कुलूप त्याला दिसत नव्हतं. त्याला वाटलं, साखळी कुठेतरी मुळांत अडकली. हाका मारणं त्याला जमत नाही, कधीच जमलं नाही. तो नुसता ओढत राहिला. साखळी थरथरत होती, मी खांबाला बांधलेलं जनावर झालो होतो, आणि सहा माणसं पाव चावत म्हणत होती की वारा सुटलाय.

माझ्या आयुष्यात मी कुणाचा इतका तिरस्कार केला नाही.

तीन वाजले. तीन वाजून दहा. मग गवतातून फेम्मी आली. पायांत घरातल्या सपाता, निळा कोट उलटा घातलेला, अस्तर बाहेर.

"तराफा कुणी बांधला?" तिने विचारलं. "गोठलं का पाणी?"

"आजी, तराफा बंद आहे," बूलेन्स म्हणाले.

"माझा नवरा पलीकडून ओढतोय. तुला दिसत नाही? तो आंधळा आहे, तू कशाने आंधळा झालास?"

"हे सगळं सुरक्षिततेसाठी…"

"कुणाचा रे तू? आणि विजार कशाने भरवलीस?"

मान हलवणाऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. फेम्मी सरळ पाण्याच्या कडेला गेली. सपाता चिखलात रुतल्या. एक पाय माझ्यावर, एक काठावर, आणि मधे काळं पाणी. रूलोफच्या ओढीने मी हिसके खात होतो. लांगेफेल्डबाईंनी वही फेकून तिचा कोट धरला.

"कुलूप काढा!" त्या ओरडल्या. "किल्ली कुठे आहे?"

बूलेन्सनी खिसे चाचपले, मग डबा पाहिला, मग पुन्हा खिसे. किल्ली त्यांच्याकडे कधी नव्हतीच. ती रूलोफच्या खिशात होती, पलीकडे. गाड्याही पलीकडे. अर्धा डझन शिकलेल्या माणसांनी दुसऱ्याचं कुलूप किल्ली न विचारता लावलं होतं.

"अध्यक्ष," लांगेफेल्डबाई म्हणाल्या, "हे कार्यक्रमपत्रिकेत होतं का?"

फेम्मी तोवर बाकावर बसली होती. आजचा वार तिला सांगता आला नसता. लेकीचं नावही नाही. पण तिचा हात बाकाच्या खाली गेला, न शोधता, आणि गंजलेली किल्ली घेऊन वर आला.

तिने कुलूप उघडलं. मी सुटलो. बूलेन्स पाय टाकायला पुढे आले, पण रूलोफच्या पुढच्याच ओढीने मी काठ सोडला होता.

एकेचाळीस हात. मी कधी इतका हलका चाललो नाही. तो तोंडातल्या तोंडात मोजत होता. शेवटच्या हाताला त्याला समोर उलटा निळा कोट दिसला.

"उशीर केलास," फेम्मी म्हणाली.

"अगं, तू कशी…"

"कुलूप लाव. पलीकडे सहा अनोळखी माणसं आहेत."

रूलोफने पलीकडे पाहिलं. "मला तर कुणी दिसत नाही गं."

"मला दिसतात. लाव."

बायकोने सांगितल्यावर त्याने कधी वाद घातलेला नाही. खटकन आवाज झाला. किल्ली तिने कोटाच्या खिशात टाकली. लांगेफेल्डबाईंनी वृद्धाश्रमात फोन करून कळवलं की आजी नवऱ्याबरोबर आहेत, आणि मग त्या गवतावर बसून बराच वेळ एकट्याच हसत होत्या.

त्या दिवशी फेम्मीने दोन वर्षांनी आपल्या टेबलावर कॉफी घेतली. खिडकी उघडी होती, मला ऐकू येत होतं. प्रत्येकी दोन बिस्किटं. साडेचारला ती स्वतःच म्हणाली, "आता मला सोड तिकडे." त्याने तिला सोडलं, आणि मग त्या सहांना आणलं. बूलेन्स म्हणाले की हे सगळं अहवालात येईल.

"घ्या साहेब," रूलोफ म्हणाला. "जागा आहे ना सगळ्यांना? माझी पाटी खोटी आहे. बारा बसतात."

अहवाल आला. पायवाट आता बंधाऱ्यावरच्या पक्क्या रस्त्याने जाते. पत्रकात मी नाही. रूलोफने मला स्वतःच्या हाताने बनवलंय, त्यामुळे मला हलवायचा हक्क कुणाला नव्हता. तेव्हा मी आहे तिथेच आहे. दिवसाला दोन फेऱ्या, एकच उतारू. माझी एक फळी कुजायला आलीय. रूलोफच्या हातांना आता मधे एकदा थांबावं लागतं, विसाव्या हाताला. थांबला तरी आकडा चुकत नाही.

फेम्मी आता त्याला नावाने ओळखत नाही. कोटाच्या खिशातली किल्ली कशाची, तेही सांगता येत नाही. परिचारिकेने दोनदा मागितली, पण ती मूठ उघडत नाही. मात्र तीन वाजत आले की खिडकीशी बसते आणि साखळी हलते का ते बघते.

तर तुम्ही बंधाऱ्यावरूनच जा. तिथे बूट भिजत नाहीत. मला तुमची आठवण येत नाही. पण वाट चुकून कधी इकडे आलात आणि मी पलीकडे दिसलो, तर ते तुमचं नेहमीचं वाक्य बोलू नका. साखळीला हातही लावू नका. गवतावर बसा, तुमचं ते एक बिस्किट खा, वाट बघा. मी पलीकडे आहे, कारण कुणीतरी आत्ताच कुणाला तरी भेटायला गेलंय.