किल्ली हातात द्यायची

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता, आणि दर रविवारसारखी मावशी जेवायला आली होती. सख्खी मावशी नव्हे. आई मुलींच्या सुधारगृहात पर्यवेक्षिका होती आणि मावशी तिची मदतनीस, पण मला कळायला लागल्यापासून ती आमच्या घरात मावशीच होती. मला सायकल तिने शिकवली. आईची सकाळपाळी असली की माझी वेणी ती घालायची. चांगली डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढून घालायची.

जेवणं झाल्यावर दोघी खिडकीपाशी वाटाणे सोलत बसल्या. मी जवळच पुस्तक घेऊन बसले होते. पान उलटलं नव्हतं.

"तुझ्या आईला भांडारात चादरी मोजायला बसवलंय खरं," मावशी मला म्हणाली, "पण काल जाऊन बघते तर काय, चादरीसुद्धा हिच्यापुढे रांगेत उभ्या!"

"चादरी उलट उत्तर देत नाहीत," आई म्हणाली. "तुम्हा लोकांपेक्षा बऱ्या."

"ऐकलंस? आम्ही चादरींहून गेलो!"

दोघी हसल्या. आईचं हसू खरं होतं, हेच मला सहन होईना. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला घेतली, जरा जोरातच. थोड्या वेळाने आई सालींचं ताट घेऊन आत आली.

"भांडी काय म्हणतायत ते बाहेर ऐकू येतंय."

"ऐकू यावं म्हणूनच."

"हळू बोल."

"तू तिला आग्रह करून वाढतेस तरी कशी, आई? घास उतरतो तुझ्या घशाखाली?"

"आपलेच दात, आपलेच ओठ."

"दात तिचे. ओठ तुझे."

आईने ताट ओट्यावर ठेवलं. "तू मला शब्द दिलायस," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली.

दिला होता. वर्ष झालं असेल त्याला.

आईचा कामावर एक नियम होता: किल्ली हातात द्यायची. टेबलावर ठेवायची नाही, खिळ्याला अडकवून जायचं नाही, तिसरीबरोबर पाठवायची नाही. पाळी बदलताना जाणारीने येणारीच्या तळहातावर किल्ल्या ठेवायच्या, आत कोण कशी आहे ते तोंडाने सांगायचं, आणि समोरचीची मूठ मिटली की मग आपला हात सोडायचा. नव्याने लागलेल्या बायकांना ती सांगायची, "किल्ली टेबलावर असते ना, तेवढा वेळ आतल्या मुली कोणाच्याच नसतात." त्या मुलींना आधीच कोणी ना कोणी असं टेबलावर ठेवून निघून गेलेलं असतं, असं तिला म्हणायचं असावं. पण एवढं लांबण लावण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

घरीही तेच. मिठाची बरणी मागितली तरी ती माझ्या हातात द्यायची आणि मी नीट धरली आहे ना ते बघून मगच सोडायची. माझ्या मैत्रिणी हसायच्या. "तुझी आई मीठ देते का तुला दत्तक देते?" एकीने विचारलं होतं.

सुधारगृहात धोबीघराच्या मागे एक खोली आहे. कागदोपत्री ती शांतता कक्ष. मुली तिला विहीर म्हणतात. मारामारी झाली की एखादीला थोडा वेळ तिथे बसवायचं आणि बाहेर स्टुलावर एक बाई सतत हवी, असा कायदा आहे. वर्षापूर्वीच्या त्या दिवशी सकाळपाळी मावशीची होती. दोन मुलींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या. त्यातल्या एकीला मावशीने विहिरीत बसवलं. माणसं कमी होती म्हणून स्टुलावर ती स्वतःच बसली. आणि पाळी संपत आली असताना तिला घरून फोन आला, मुलगा कामावर शिडीवरून पडला म्हणून.

ती धावत सुटली. कोणतीही आई सुटली असती. पुढची पाळी माझ्या आईची होती आणि ती तेव्हा अधीक्षकांच्या खोलीत बैठकीला होती. मावशीने त्या दारावर नुसती थाप मारायला हवी होती. तेही सुचलं नाही. तिने विहिरीची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली. कोणीतरी त्यावर वर्तमानपत्र टाकलं. आई बैठकीतून आली. काही मुली तारखेला कोर्टात गेलेल्या होत्या, म्हणून शिरगणतीत एक कमी भरली तेव्हा तीही गाडीतच असेल असं आईने धरलं. मावशी न भेटता गेली याचं तिला नवल वाटलं, पण मुलाचं कानावर आलं होतं.

संध्याकाळी कोर्टाची गाडी परतली. मुली उतरल्या. ती त्यांत नव्हती.

धोबीघरातली यंत्रं दुपारभर चालू होती. दार उघडलं तेव्हा त्या मुलीचा आवाज पार बसला होता आणि दारावर आपटून आपटून मनगट मोडलं होतं.

चौकशी बसली. मावशी म्हणाली, "बाई बैठकीतून बाहेर आल्या, तेव्हा मी दारातच त्यांच्या हातात किल्ली दिली. मुलगी आत आहे हेही सांगितलं." आई म्हणाली, "दिली नाही. सांगितलं नाही." मग चौकशी अधिकाऱ्यांनी एकेका बाईला बोलावून विचारलं, "या पर्यवेक्षिकांच्या हाताखाली किल्ली टेबलावर राहते का कधी?" आणि आईवर जीव टाकणाऱ्या त्या सगळ्या बायका मान ताठ करून म्हणाल्या, "कधीच नाही, साहेब. बाईंकडे किल्ली हातातच जाते."

त्यांच्यापैकी एकही खोटं बोलली नाही. खोटं एकटी मावशी बोलली होती. ते पक्कं केलं ते आईने इतकी वर्षं घालून दिलेल्या शिस्तीने.

आईची भांडारात बदली झाली आणि तिच्या जागी मावशी आली. बदलीचा आदेश आला त्या संध्याकाळी मी आईला म्हटलं, मी उद्याच्या उद्या अधीक्षकांकडे जाते.

"जाऊन काय सांगशील? तू होतीस तिथे?"

"तू होतीस ना!"

"हे बघ. तिचा मुलगा अंथरुणाला खिळलाय. नोकरी गेली तर दोघं रस्त्यावर येतील. माझी नुसती बदली झालीये. आणि शिरगणती माझी होती. तेवढं माझंच."

"आणि उरलेलं?"

"उरलेलं तिला ठाऊक आहे. मी आहे तोवर तू तिला एक शब्द बोलायचा नाहीस."

मी पुष्कळ भांडले. शेवटी शब्द दिला. मला वाटलं होतं, निदान आता मावशी आमच्या दारात पाय ठेवणार नाही. ती पुढच्याच रविवारी आली, फळं घेऊन. चप्पल काढता काढता आईला म्हणाली, "चौकशीचं मनाला लावून घेऊ नकोस गं. चूक माणसाकडूनच होते."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग चहा केला आणि कप नेऊन तिच्या हातात दिला, तिची बोटं घट्ट मिटेपर्यंत धरून ठेवला. दोघींचे हात त्या एका कपावर होते. मला वाटलं, आता मावशी फुटेल. आता बोलेल. तिने चहा फुंकून प्यायला आणि साखर बेताची आहे म्हणाली.

केसाने गळा कापणं हे मी पुस्तकांतून पुष्कळ वेळा वाचलं होतं. पण त्यानंतर दर रविवारी जेवायला येतात, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या शेवटच्या रविवारी निघताना मावशी दारातून म्हणाली, "उद्या जेवायच्या सुटीत येते गं भांडारात. एकटी जेवू नकोस."

"ये," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून तिने सोललेल्या वाटाण्यांचं भांडं माझ्या हातात दिलं. "धरलंस?"

"धरलं," मी म्हणाले. फुरंगटूनच.

भांडार मुख्य इमारतीच्या मागच्या अंगाला आहे. तिथे पाळ्या नसतात. एकच माणूस सकाळी उघडतं, संध्याकाळी बंद करतं. कोणी कोणाकडून किल्ली घेत नाही, आत कोण कसं आहे ते कोणी कोणाला सांगत नाही. सोमवारी जेवायच्या सुटीत मावशीला काहीतरी काम निघालं. दुपार कलल्यावर नव्याने लागलेली एक बाई चादरी न्यायला गेली, तेव्हा आई गठ्ठ्यांच्या मधल्या वाटेत पडलेली होती. जेवण तसंच होतं. तिने दोन पानं मांडली होती.

लवकर आणलं असतं तर, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी मला आईचा चष्मा, घड्याळ आणि भांडाराची किल्ली दिली.

नंतरचे दिवस मावशी आमच्या घरातून हलली नाही. येणाऱ्याला दार तीच उघडायची. पाणी द्यायची, आई कशी गेली ते सांगायची, आणि सांगताना मनापासून रडायची. ते रडणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तर सोपं झालं असतं. भेटायला आलेले लोक आधी तिच्या खांद्यावर हात ठेवायचे, मग माझ्या. "माझी बहीण गेली हो," ती म्हणायची. ओट्यापाशी उभी राहून मी ते ऐकायची आणि भांडी हळू ठेवायची.

पुढच्या आठवड्यात सुधारगृहात शोकसभा ठेवली. मी आईच्या जुन्या कामाच्या जागी पहिल्यांदाच आत गेले. लांबट खोली, भिंतीकडेला लोखंडी कपाटं, मधोमध एक मोठं टेबल. हेच ते टेबल असणार. त्यावर आईचा फोटो होता आणि चहाचे कप मांडलेले होते.

अधीक्षक बोलले. आईची सचोटी, आईचा दरारा, मुलींची माया, सगळं बोलले. "एक दुर्दैवी चूक सोडली," ते म्हणाले, "तर बाईंची कारकीर्द निष्कलंक होती."

बायकांनी माना खाली घातल्या. मी मावशीकडे पाहिलं. माझ्या आयुष्यात मी कोणाच्या चेहऱ्याकडे इतकं लक्ष देऊन पाहिलं नसेल. तिने पदराने डोळे टिपले.

मग ती उठली. "बाईंनी मला घडवलं," ती म्हणाली. "त्यांनी आम्हाला एकच गोष्ट शिकवली. किल्ली हातात द्यायची. आज मी नव्या पोरींना तेच शिकवते. तोवर बाई आपल्यात आहेत."

कोणीतरी हुंदका दिला. चादरी न्यायला गेलेली ती नवी बाई माझ्या शेजारीच बसली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, खरंच शिकवतात हो त्या. मूठ मिटेपर्यंत सोडू देत नाहीत."

सभा संपली. खुर्च्या सरकल्या, बायका गटागटाने बोलू लागल्या. कोणीतरी हलकेच हसलंसुद्धा, आणि मला ते बरं वाटलं. आईला गंभीर माणसांचा कंटाळा होता. अधीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भांडाराची किल्ली तुमच्याकडे आहे ना? ती आता यांच्याकडे द्या." आणि मावशीकडे बोट दाखवून ते दाराशी थांबलेल्या पाहुण्यांकडे वळले.

मावशी किटलीतून कपांत चहा ओतत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, मध्ये ते टेबल. पर्समधून किल्ली काढली.

"मावशी, भांडाराची किल्ली."

तिने वर पाहिलं नाही. एक कप भरला, दुसऱ्याकडे वळली.

"ठेव ना गं तिथे टेबलावर."

माझ्या मागे कोणीतरी बोलता बोलता थांबलं. नव्या बाईने कप उचलायला पुढे केलेला हात तसाच राहिला. मावशीच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. मग किटलीची धार थांबली.

"म्हणजे... हातात काम आहे म्हणून म्हटलं," ती म्हणाली. "एवढ्याशाला काय."

आईला दिलेला शब्द तेव्हा आठवला मला. मी आहे तोवर, असं ती म्हणाली होती.

"टेबलावर नको," मी म्हणाले. "हात पुढे कर."

तिने किटली खाली ठेवली. हात पदराला पुसून पुढे केला. तो हात मला माझ्या हाताइतका ओळखीचा होता. सायकलच्या मागे धरलेला, वेणीचा शेवटचा पेड घट्ट आवळणारा. मी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं मिटली. मी सोडली नाही.

"सोड ना," ती हळूच म्हणाली. "सगळ्या बघतायत."

"मावशी," मी म्हणाले, आणि माझा आवाज खोलीभर गेला तो मला ऐकू आला, "त्या दिवशी तू माझ्या आईच्या हातात किल्ली दिली नाहीस. तू ती इथे, या टेबलावर ठेवलीस आणि निघून गेलीस."