झोंबत न्हाई

तुळजाबाईने पळीतलं कोमट तेल तळहातावर घेतलं, चोळलं आणि वाट पाहिली. काहीच झोंबलं नाही.

"पानी हाय नुस्तं," म्हणत तिने लवंगी मिरचीची आणखी एक मूठ कढईत टाकली.

"आत्या, मला हितं दारात ठसका लागून राह्यला, अन् तुमी पानी म्हन्ता?" सून शीतल नाकाला पदर लावून म्हणाली.

"तुह्या नाकाचं काय सांगती! तुला तं फोडनीनंबी पडसं होतं."

टेंभुर्णीच्या बाजारात तुळजाबाईचं मिरची कांडप. उभा जन्म तिखटात गेलेला. नवरा बद्रीनाथ संधिवाताने बसून होता. गुडघे सुजून मडक्यासारखे झालेले. उन्हाळ्यात डॉक्टरांनी मिरचीच्या अर्काचं मलम दिलं, तेव्हा म्हातारा हसला होता. "बायकोनं जन्मभर हेच खाऊ घातलं, आता लावायचं व्हय?"

दुखणं ओरडून सांगणारी एक नस असते, डॉक्टरांनी समजावलं. मिरची तिला इतकं ओरडायला लावते की ती थकून गप्प बसते. "आधी जळेल. मग थांबेल."

आणि थांबलंही. बद्रीनाथ काठी टेकत पारापर्यंत जाऊ लागला. मग मलम संपलं, दुकानात मिळेना, आणि तो पुन्हा बाजेला खिळला. म्हणून ही कढई चुलीवर चढली होती.

तिने तेल गाळून दोन्ही गुडघ्यांना लावलं, वरून फडकं घट्ट आवळलं.

"जळतंय का?"

"जळून राह्यलं." त्याने दात आवळले. "मंग बराबर हाय. डाक्टर म्हनलेच व्हते."

संध्याकाळपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही. शीतलने फडकं सोडलं, तेव्हा कातडी फडक्यासोबत आली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्या. "आजी, आधी हातावर लावून बघायचं ना?"

"पाह्यलं की. बिलकुल झोंबलं न्हाई."

बाईंनी टेबलावरचा आपला चहाचा पेला तिच्या तळहाताला टेकवला. "चटका बसतोय?"

तुळजाबाई पेल्याकडे पाहत राहिली. वाफ निघत होती. तिने नाही म्हणून मान हलवली.

"जन्मभर मिरचीत हात ना?" बाईंचा आवाज उतरला. "हे हात कधीचेच झोपलेत, आजी."

घरी आणल्यावर जखमा चिघळल्या. पट्टी शीतल करी. तुळजाबाई उंबऱ्याशी बसे, हात पदराखाली घेऊन. एका दुपारी शीतल पाण्याला गेली असताना बद्रीनाथ पुटपुटला, "तुळजे, अंगात कसकस हाय. पाह्य बरं, ताप हाय का."

ती उठली. हात कपाळाकडे नेला आणि अर्ध्यातच मागे घेतला. मग दाराकडे एकदा पाहून ती बाजेवर वाकली आणि आपला गाल त्याच्या कपाळावर ठेवला. कपाळ तव्यासारखं तापलं होतं. ते तिला कळलं, आणि ती तशीच वाकून राहिली.