गस हसला

सहा वर्षं मी विनोदी नट ऑर्व्हिल टिबेटचे मूकपट टिपले, पण एकदाही हसलो नाही. कॅमेऱ्याचं हँडल हातानं एका लयीत फिरवायचं असतं. हसलं की लय गेली. ऑर्व्हिल मात्र ते मनाला लावून घ्यायचा. "गस, तुझं तोंड आहे की भिंत?" असं रोज विचारायचा.

त्या सकाळी लॉस एंजलिसच्या स्टुडिओत त्याला शिडीवरून पिठाच्या पिंपात पडायचं होतं. पडताना त्याची विजार खिळ्याला अडकली. उलटा लोंबकळत त्यानं हॅट काढली आणि खालच्या पिंपाला अदबीनं नमस्कार केला. मग विजार फाटली.

सगळे टाळ्या पिटत धावले. मी दोन्ही हातांनी पोट धरून जमिनीवर बसलो होतो.

दिग्दर्शकानं माझ्या हातांकडे बघितलं. "गस, मग हँडल कोण फिरवत होतं?"

पिंपातून पांढरंफटक डोकं वर आलं. "काय झालं?"

"काही टिपलंच नाही," मी म्हणालो. "हसू आवरेना मला."

"तू हसलास?"

"हसलो ना, बाबा."

"मग खड्ड्यात गेलं चित्र," म्हणत ऑर्व्हिल पिंपातून उडी मारून बाहेर आला आणि फाटक्या विजारीनिशी शेजारच्या स्टुडिओत सांगायला पळत सुटला.